धरणगावचे औट्रमसाहेब

धरणगावचे नाव निघाले की रसिक वाचकास बालकवी आठवतात, आणि ते योग्यच आहे. १८९० साली त्यांचा जन्म त्याच गावी झाला. आमच्या जळगावच्या घरी मात्र धरणगावचा विषय निघाला की आजोबा हटकून दुसरेच नाव घेत: औट्रमसाहेब. त्यांच्या बोलण्यात कौतुक असे. आमच्या शेतावरचा म्हातारा रखवालदार, जातीने भिल्ल, ते नाव कानी पडताच मुकाट्याने विडी पेटवी. या कौतुकाचा आणि त्या मौनाचा मेळ मला पुष्कळ वर्षे लागला नाही.

जेम्स औट्रम हा १८०३ सालचा, डर्बीशायरातला. सोळाव्या वर्षी तो मुंबईच्या फौजेत दाखल झाला आणि १८२५ साली, वयाच्या बाविशीत, भिल्लांची पलटण उभारण्याच्या कामगिरीवर खानदेशात आला. पलटणीचे ठाणे धरणगावास होते. पेशाने तो शिपाईगडी. परंतु पुढील आयुष्य त्याने बहुतांशी राजकीय खात्यात, म्हणजे माणसे पारखण्यात, वाटा हेरण्यात आणि दरबारांतील कानगोष्टींचा माग काढण्यात घालविले. त्या विद्येची धुळाक्षरे त्याने आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी गिरविली, असे माझे मत आहे.

त्या वेळचा खानदेश उद्ध्वस्त होता. होळकरांच्या धामधुमीने आणि १८०३-०४ च्या दुष्काळाने गावे ओस पडली होती. पेशवाईच्या अखेरीस भिल्लांस कोपरगावी गोळा करून कापून काढल्याची आठवण ताजी होती. १८१८ साली इंग्रजी अंमल आला. कॅप्टन ब्रिग्ज याने धुळ्यास ठाणे केले, नाईकांस तनखे देऊ केले, न ऐकणाऱ्यांवर फौजा पाठविल्या. तरी डोंगर शांत होईना. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या अमदानीत असे ठरले की भिल्लाच्याच हाती बंदूक देऊन पाहावी.

औट्रमने आरंभ केला तो मात्र छाप्याने. त्या छाप्यात धरलेल्या कैद्यांपैकी काहींस सोडून त्याने नाईकांशी बोलणे लावले, आणि मग पहाऱ्यावाचून एकटाच त्यांच्या रानात जाऊन राहिला. त्यांच्याबरोबर शिकार केली, आपली ब्रँडी त्यांना मनसोक्त पाजली. आपणास बोलावून मारतील, ही भिल्लांची भीती कोपरगावानंतर वेडगळ कशी म्हणावी? अखेर पाच जण तयार झाले. पाच! एवढ्यावर त्याने काम फत्ते झाले असे मानले, आणि तसेच झाले. पुढील वर्षी कवायतीसाठी पलटण मालेगावी गेली, तेव्हा औट्रमच्या मूळच्या पलटणीतले उच्चवर्णीय शिपाई या भिल्लांस भेटावयास आले. त्यांच्याजवळ बसून बोलले, त्यांना पानसुपारी दिली. मला या हकिकतीतला हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. ज्यांना गावकुसाच्या आत कोणी उभे करीत नसे, त्यांच्या हातावर विडा ठेवला गेला. आमच्या समाजाने आपण होऊन हे किती वेळा केले होते?

पण त्याच पलटणीचा उपयोग न नमलेल्या भिल्लांवर करण्यात आला, आणि १८३० साली डांगच्या मोहिमेतही झाला. रानातल्या त्या बैठकींत औट्रम मित्र होता की हेर? चरित्रकार पहिले म्हणतात; आजचा तरुण वाचक तडकाफडकी दुसरे म्हणेल. मला वाटते, तो दोन्ही होता, आणि दोन्ही मनापासून होता. नुसत्या हेरास त्या पाच जणांनी ओळखले असते. नुसत्या मित्राचा सरकारास उपयोग नव्हता.

दहा वर्षांनी, १८३५ साली, त्याने खानदेश सोडला; ही विद्या मात्र बरोबर नेली. नोव्हेंबर १८३९ मध्ये कलात पडल्यावर तो अफगाणी वेश घेऊन, परक्या मुलखातली वाट न्याहाळीत सोनमियानी बंदरास पोहोचला. सिंध खालसा केल्यावरून त्याचा नेपियरशी कडाक्याचा वाद झाला, आणि लुटीतील आपल्या वाट्याचे सुमारे ३,००० पौंड त्याने धर्मादाय केले. बडोद्यास रेसिडेंट असता लाचलुचपतीवर लिहिलेल्या अहवालात त्याने आपला ‘खटपट’ हा मराठी शब्दच इंग्रजी दप्तरात नेऊन बसविला. त्याबद्दल मुंबई सरकारने १८५१ साली त्याला दूर केले, आणि १८५४ साली तो पुन्हा तेथेच आला. इतका करारी मनुष्य. तरी १८५६ साली अयोध्येचे राज्य खालसा करण्याचा हुकूम आला, तेव्हा त्याची अंमलबजावणी त्यानेच केली. अन्याय त्याला दिसे, त्याविरुद्ध तो लिही, भांडे. हुकूम मात्र मोडीत नसे.

१८५७ साली तो लखनौच्या वेढ्यात होता. १८६३ साली फ्रान्समध्ये तो वारला, आणि वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याचे दफन झाले. त्याची पलटण पुढे १८९१ साली पोलिसांत विलीन झाली.

तो लखनौस लढत होता त्याच सुमारास इकडे सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक उठले होते. सेंधव्याच्या घाटात त्यांनी सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीच्या डोंगरात लढाई झाली, आणि पकडलेल्या कित्येक भिल्लांस तेथेच गोळ्या घालण्यात आल्या. खाज्या नाईक हा पूर्वी सरकारी चाकरीत होता. सेंधव्याच्या त्याच घाटाची राखण तो करीत असे.