कच्चं मडकं

नामदेवांना राग आला होता, ही गोष्ट वारकरी परंपरेनं लपवली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. ज्याच्या हातचा नैवेद्य विठोबा खातो, ज्याच्याशी बोलतो, त्या लाडक्या भक्ताचा उणेपणा झाकणं किती सोपं होतं! पण ती कथा शतकानुशतकं सांगितली गेली. महिपतींनी 1762 साली पूर्ण केलेल्या 'भक्तिविजया'त ती आली, कीर्तनकारांनी ती गावोगाव नेली, आणि आजही कच्चं मडकं म्हटलं की मराठी माणसाला नामदेव आठवतात. एवढ्या मोठ्या संताचा रुसवा जपून ठेवावा असं एका संप्रदायाला वाटलं, त्याअर्थी त्या रुसव्यात काहीतरी फार मोलाचं असलं पाहिजे.

कथा सगळ्यांना ठाऊक आहे. तेरला गोरोबाकाका कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली होती. तेर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेरणाकाठचं गाव, पूर्वीचं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात या बाजारपेठेचा उल्लेख सापडतो. इथल्या उत्खननात मातीची भांडी आणि मूर्ती निघाल्या आहेत. म्हणजे गोरोबांचं चाक फिरू लागलं त्याच्या हजारभर वर्षं आधीपासून या गावात माती घडत होती. तर त्या घरात मुक्ताबाईनं एका बाजूला पडलेलं थापटणं पाहिलं आणि विचारलं, "काका, हे काय?" काका म्हणाले, "यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं." मुक्ताबाई म्हणाली, "मग आमचीही मडकी बघा की." काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, कुणी हललं नाही. नामदेव मात्र उसळले. संतांचं स्वागत असं करतात का, म्हणाले. काकांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं आहे.

परंपरेनं मानलेली सालं धरली तर नामदेव तेव्हा पंचविशीच्या आसपासचे होते आणि मुक्ताबाईला अठरावं वर्षही लागलेलं नव्हतं. हे वय मला महत्त्वाचं वाटतं. पंचविशीतल्या नामवंत माणसाला सोळा-सतरा वर्षांच्या पोरीनं चारचौघांत कसाला लावणं! राग न येता तरच नवल.

पण नामदेवांचा अभिमान सवंग नव्हता. पैशाचा नव्हता, कुळाचा तर नव्हताच. शिंप्याच्या घरी जन्मलेल्या माणसाला त्या काळात कुळाचा कसला तोरा? तो अभिमान भक्तीचा होता. देव माझा आहे, माझ्याशी बोलतो, ही त्यांची सगळ्यांत शुद्ध गोष्ट होती आणि दोष नेमका तिच्याच आडोशाला बसला होता. स्वभावदोषांबद्दल मला जे काही कळलं आहे त्यातली ही सर्वांत अवघड बाब. आपले दोष आपल्या गुणांच्या घरातच राहतात. काटकसरी माणसाचा कंजूषपणा काटकसरीच्या नावानं वावरतो. स्पष्टवक्त्याचा दुष्टपणा खरेपणाचा अंगरखा घालून येतो. घरासाठी जन्मभर खपलेल्या बाईची सत्ता माया म्हणून ओळखली जाते, आणि तीही तिला मायाच समजते. म्हणून डोळे मिटून आत पाहायला बसलं की बहुतेक वेळा गुणच दिसतो. तो खराही असतो, म्हणून तर शंका येत नाही.

समर्थांनी 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खलक्षणांनी केली आहे आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी. माणसाच्या खोडींची इतकी बारीक नोंद मराठीत क्वचितच कुणी केली असेल. पण ती लक्षणं वाचताना काय होतं ते वाचकानं एकदा मनाशी तपासावं. पहिल्या काही ओळींतच ओळखीचे चेहरे दिसू लागतात: हा अमका, ही तमकी, हे तर हुबेहूब आमच्या साहेबांचं वर्णन! स्वतःचा चेहरा फार उशिरा येतो. यादी कितीही अचूक असो, ती आपल्या डोक्याला लागत नाही तोवर दुसऱ्यांच्याच डोक्यांवरून फिरत राहते.

कुंभाराचं काम जवळून पाहिलं की या कथेतल्या थापटण्याचा अर्थ पालटतो. चाकावरून उतरलेलं मडकं जाड बुडाचं आणि ओबडधोबड असतं. ते थोडं सुकू देतात. मग कुंभार एक हात मडक्याच्या आत घालतो. त्या हातात गुळगुळीत दगडी गोळा असतो. दुसऱ्या हातातलं लाकडी थापटणं बाहेरून बसतं. थाप जिथे पडणार तिथे आतला हात आधीच पोचलेला असतो. थप, थप, थप करत मडकं फिरतं, भिंत पातळ होत जाते, पोट गोल होतं. आतला हात काढून घेतला आणि तीच थाप बाहेरून घातली, तर ओली माती आत बसेल. मला वाटतं, टीका आणि थाप यांतला फरक इथे आहे. आपल्याला बोलणाऱ्या शंभर जणांपैकी ज्याचा एक हात आत असतो तोच घडवतो. बाकीच्यांचं बोलणं सोडून द्यावं, त्यानं माणूस नुसता चेपतो.

आणि कच्चं म्हणजे काय? आव्यात सुमारे सहाशे अंश सेल्सियसच्या पुढे ताव गेला की मातीच्या कणांत बांधलेलं पाणी कायमचं निघून जातं. मग ते मडकं फुटेल, त्याचं खापर होईल, पण पुन्हा चिखल होणार नाही. कच्चं मडकं मात्र पाण्यात टाकलं की विरघळतं, पुन्हा तुडवता येतं, पुन्हा चाकावर चढतं. गोरोबांचा तो निकाल ऐकताना नामदेवांना अपमान ऐकू आला; त्यात केवढी आशा होती! या माणसाचं अजून काही होऊ शकतं, असा तो निकाल होता. खरी भीती वाटावी ती चुकीच्या आकारात पक्क्या भाजल्या गेलेल्या माणसाची.

थापटणं धरणारा हात कुणाचा होता, तेही विसरता येत नाही. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना आपलंच तान्हं लेकरू पायाखाली आलं, अशी गोरोबाकाकांची कथा सांगतात. भक्तीच माणसाला किती आंधळं करू शकते, ते या माणसाइतकं कुणाला ठाऊक असणार? देवावरच्या प्रेमात बुडालेल्या पोराला तू अजून कच्चा आहेस असं सांगण्याचा अधिकार त्यांना तिथून आला असावा.

नामदेव पंढरपूरला परतले आणि विठोबाकडे गाऱ्हाणं मांडलं. इथे कथा मला हलवून सोडते. देवानं समजूत काढली नाही. त्यानं लाडक्याची बाजू घेतली नाही, कुंभाराचा निकाल उचलून धरला आणि गुरू कर म्हणून औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे पाठवलं. पंढरपूर ते औंढा हे अंतर अडीचशे किलोमीटरहून अधिक आहे. नामदेव चालत गेले असतील. मनात रुसवा, पायाखाली तापलेली वाट, सोबत कुणी कौतुक करणारं नाही. माझी आपली कल्पना आहे, पण आत्मपरीक्षण झालं असेल तर ते या वाटेवर. पहिल्या दिवशी गोरोबांचा राग आला असेल, पुढे केव्हातरी मुक्ताबाईचा, आणि मग कुठल्यातरी मुक्कामी हा प्रश्न पडला असेल की बाकीच्यांना का लागलं नाही?

औंढ्याला त्यांनी पाहिलं तर विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून पडलेले. नामदेवांनी हटकलं. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून ठेवायला गेले, तर जिथे ठेवावेत तिथे लिंग. माझ्या लेखी ही चमत्काराची गोष्ट नाही, निदानाची आहे. नामदेवांचा देव पंढरपुरात होता, विटेवर होता, त्यांचा होता. त्या 'माझा'मुळेच तो तेवढाच राहिला होता. अभिमान गेला तसा देव वाढला. स्वभावातला दोष काढणं ही नुसती चांगलं वागण्याची गोष्ट असती तर ती शिष्टाचारात जमा झाली असती. साधनेत ती येते ती यासाठी.

पुढचं सारं आयुष्य त्याची साक्ष आहे. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. ज्यांना जिवंतपणी देवळाच्या आत येऊ दिलं नव्हतं, त्यांच्या अस्थी नामदेवांनी जाऊन गोळा केल्या आणि पंढरीच्या महाद्वारासमोर समाधी बांधली. ते पंजाबात गेले, घुमानला राहिले. त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. आणि येणाऱ्या-जाणाऱ्या संतांची पायधूळ लागावी म्हणून महाद्वाराची पायरी मागून घेतली. डोक्यावरची एक थाप न सोसणारा माणूस सगळ्यांच्या पायांखाली आला. आजचे वारकरी त्या पायरीवर पाय न देता ती ओलांडतात, हा भाग निराळा.

दिवसाचा हिशेब घेण्याची रीत आपल्याकडे अनेक परंपरांत आहे. जैन मंडळी प्रतिक्रमणाला बसतात, झाल्या चुकांकडे परत वळून पाहतात. वारकरी भेटले की वय-जात न पाहता एकमेकांच्या पाया पडतात, आणि हे रोजचं झालं की ताठा पाठीतूनच निघून जातो. ज्यांना रात्री निजण्याआधी थोडं बसायचं आहे त्यांना मी एवढंच सुचवेन, की आज माझं काय चुकलं हा प्रश्न आधी घेऊ नका. त्याला मन फार साळसूद उत्तरं देतं. आज मला कुठे टोचलं, ते आठवा. कुणाचं कुठलं वाक्य दुपारपासून मनात घोळत आहे? कुणाला मनातल्या मनात अजून उत्तरं देत आहोत? जिथे सफाई द्यावीशी वाटते तिथे बोट ठेवा. तिथला आवाज कच्च्या मडक्यासारखा बद्द येतो.

वय वाढतं, पद वाढतं, तशी थाप घालणारी माणसं एकेक करून कमी होतात. आई-वडील जातात, मास्तर जातात, हाताखालचे लोक मान डोलावतात. उरते ती घरातली मुक्ताबाई. जेवता जेवता ती म्हणते, "बाबा, तुम्ही आजीचं बोलणं कधी पुरं होऊ देत नाही." अशा वेळी आजीचा स्वभाव, आपले कष्ट, दिवसभराचा शीण, सगळं ओठांवर येतं. ते तिथेच थांबवून तिला विचारावं, "कधी झालं असं? सांग ना." आणि ती सांगू लागली की तिचं पुरं होईपर्यंत मध्ये बोलू नये.