बूट, सोल्युशन आणि चोवीस तास

आमच्या हॉस्टेलवर माणसाची ओळख त्याच्या नावाने होत नाही. कोणी 'केटी किंग' असतो, कोणी 'मेस मंत्री', तर कोणी नुसताच 'अण्णा'. मला सगळे 'चिकटू' म्हणतात. नवीन आलेल्या ज्युनिअर्सना वाटतं, हा सरांना चिकटून असतो किंवा पैशाला चिकट आहे. दोन्ही खोटं. दर गुरुवारी संध्याकाळी माझ्या खोलीबाहेर फाटक्या बुटांची रांग लागते, ती एकदा येऊन बघा. म्हणजे उलगडा होईल. वास आधी येईल, बूट नंतर दिसतील!

पण हा धंदा सुरू कसा झाला, ते आजवर कोणाला नीट सांगितलं नव्हतं. मॅगझिनच्या संपादकांनी 'काहीतरी लिही रे' म्हणून मागे लागून दोन आठवडे झाले, तेव्हा म्हटलं, सांगूनच टाकू.

गोष्ट सेकंड इयरची. ऑगस्ट महिना, जोडून सुट्टी आणि तोरणा ते राजगड करायचं ठरलेलं. सह्याद्रीत भटकणाऱ्याला या वाटेबद्दल वेगळं सांगायला नको. वेल्ह्यातून तोरणा चढायचा, बुधला माचीकडून उतरून डोंगराच्या धारेने चालत राहायचं आणि संजीवनी माचीने राजगडात शिरायचं. दिवसभराची चाल. पावसाळ्यात वर धुकं, खाली चिखल आणि मध्ये आपण. आम्ही सहा जण होतो. त्यात माझा रूम-पार्टनर पहिल्यांदाच ट्रेकला येत होता. त्याच्याकडे बूट नव्हते, कॉलेजला घालायचे कॅनव्हासचे होते तेवढेच.

मी मोठ्या रुबाबात म्हटलं, "माझे जुने घे. तुझा माझा नंबर एकच आहे."

माझ्या जुन्या बुटांच्या उजव्या पायाचा सोल पुढून अंगठ्यापाशी सुटला होता. म्हणजे मगरीने तोंड उघडावं तसा. निघायच्या आदल्या रात्री, साडेअकराला, मी कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअरमधून आणलेली झटपट चिकटवायची इवलीशी ट्यूब काढली. फट बोटाने उघडली, आत थेंब-थेंब सोडले, दाबून धरलं आणि एक मिनिटात सोल पक्का! पार्टनर म्हणाला, "इंजिनिअर झालास की रे!" मीही कॉलर ताठ केली. बूट धुतले नव्हते, आत चिखल तसाच होता, याचा विचारसुद्धा मनात आला नाही.

शनिवारी संध्याकाळी स्वारगेटहून एसटीने वेल्ह्याला गेलो, एका देवळाच्या ओसरीवर आडवे झालो आणि पहाटे चढायला लागलो. नऊच्या सुमारास तोरण्यावर मेंगाईच्या देवळापाशी बसून पोळी-चटणी खाल्ली. पार्टनर चिखल झाडायला बूट काढून बसला होता. माझं लक्ष गेलं. उजव्या सोलची कडा पुन्हा सुटली होती. फार नाही, नखाएवढी.

आता जे लिहितोय, ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मी ती कडा पाहिली आणि गप्प बसलो. सांगितलं असतं तर तो घाबरला असता, बाकीचे म्हणाले असते 'चला, याला घेऊन खाली उतरा', राजगड हुकला असता, आणि माझी इंजिनिअरिंगही उघडी पडली असती. सॅकमध्ये नायलॉनची दोरी होती. निदान ती तरी बुटाभोवती गुंडाळायची होती. तेही केलं नाही. 'निघेल अजून दोन-चार तास' असं स्वतःलाच सांगितलं.

बुधला माची उतरून पुढे धारेवर आलो. वाट घसाऱ्याची होती. बारीक खडे, वर ओलं गवत. पार्टनर माझ्या पुढे दहा पावलांवर होता. एकदम 'फट्' असा आवाज आला. सोल अंगठ्यापासून थेट निम्म्या पायापर्यंत उघडला, त्याचं टोक पायाखाली दुमडलं आणि तो उजव्या बाजूला घसरला. दहा-बारा फूट गेला असेल. कारवीच्या झुडपात अडकून थांबला म्हणून. त्याच्या खाली काय होतं ते धुक्यामुळे दिसत नव्हतं, ते एका अर्थी बरंच झालं.

वर ओढून घेतलं तेव्हा तो हसत होता. पण उजवं मनगट सुजायला लागलं होतं. बूट दोरीने बांधला, हात टॉवेलने गळ्यात अडकवला आणि धारेवरची वाट जिथे गाडीरस्त्याला मिळते तिथपर्यंत त्याला हळूहळू आणलं. एका जीपवाल्याने वेल्ह्यापर्यंत सोडलं. रात्री पुण्यात एक्स-रे निघाला. मनगटाला फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लॅस्टर.

सेकंड इयर, मेकॅनिकल, मशीन ड्रॉइंगच्या शीट्स आणि उजवा हात प्लॅस्टरमध्ये! त्या सहा आठवड्यांत त्याची जर्नल्स मी लिहिली, कपडे मी पिळले, मेसमध्ये ताट मी आणून दिलं. सगळे म्हणायचे, 'काय दोस्ती आहे!' आणि मला ते ऐकवायचं नाही.

तो बूट मात्र पलंगाखाली पडून होता. पंधरा दिवसांनी तो उचलला आणि कॉलेजच्या गेटजवळ छत्री लावून बसणाऱ्या चप्पल-बूटवाल्या काकांकडे नेला. काकांनी सोल उघडून आत बोट फिरवलं आणि बोटावर पांढरे, कडक कपचे आले.

"कोणी चिकटवला हा?"

"मीच, काका."

"आरं, बूट वाकतो का न्हाई चालताना? मग काच लावून कसं चालंल पोरा?"

एवढ्या एका वाक्यात काकांनी मला मटेरियल सायन्सचा अख्खा चॅप्टर शिकवला. नंतर लायब्ररीत बसून आणि आमच्या लॅबच्या सरांना विचारून त्याची उजळणी केली. ती झटपट ट्यूब म्हणजे सायनोअॅक्रिलेट. हवेतल्या नि पृष्ठभागावरच्या किंचित ओलाव्याने ते सेकंदांत घट्ट होतं, पण घट्ट होतं म्हणजे ताठर होतं. कपाचा कान जोडायला उत्तम. बुटाचं तसं नाही. एक किलोमीटर चाललं की एकेक पाय साधारण सहा-सातशे वेळा वाकतो. ताठर थर तेवढ्या वेळा वाकवला की त्याला तडे जातात, तड्यातून पाणी शिरतं आणि खेळ खलास.

दुसरी गोष्ट सोपी आहे, हॉस्टेलच्या टेबलावर करून बघा. सेलोटेपची पट्टी टेबलावर चिकटवा आणि आडवी ओढा. हलणार नाही. आता तिचं एक टोक नखाने उचला आणि मागे सोलून काढा. सहज निघते. जोडाची ताकद सगळ्या क्षेत्रफळावर वाटली गेली तर तो टिकतो. सोलून काढताना सगळा भार एका बारीक रेषेवर येतो. बुटाचा पुढचा भाग दर पावलाला असाच सोलला जातो. म्हणून तिथे वाकणारा, रबरासारखा ताणला जाणारा जोड लागतो.

काकांकडे मी महिनाभर रोज संध्याकाळी अर्धा तास बसलो. आधी ते वैतागले, मग म्हणाले, "बस, पण नुसता बसू नको." जे शिकलो, ते थोडक्यात देतो, कारण पुढच्या पावसाळ्यात तुम्हाला लागणारच आहे.

पहिलं काम चिकटवायचं नाही, सोडवायचं. सुटलेला भाग हाताला येईल तेवढा पूर्ण उघडा. अर्धवट धरलेला जोड ठेवून काही होत नाही. जुना गोंद रापीने खरवडून काढा. बूट धुवा आणि वाळू द्या. पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस सहज लागतात. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि बदलत राहा. हीटरजवळ ठेवू नका, जे धड आहे तेही सुटेल. वाळल्यावर दोन्ही बाजू जाड पॉलिशपेपरने घासा. गुळगुळीत रबराला काहीच धरत नाही. धूळ पुसली की मग हात लावायचा नाही, बोटाचं तेलसुद्धा नडतं.

मग ते पिवळसर सोल्युशन. यात निओप्रीनसारखं कृत्रिम रबर द्रावकात विरघळवलेलं असतं. दोन्ही बाजूंना पातळ थर द्यायचा आणि थांबायचं. दहा-पंधरा मिनिटं. आम्ही सगळे इथेच चुकतो. ओलं असतानाच दाबतो, मग द्रावक आत अडकतो आणि जोड मऊ राहतो. बोट लावल्यावर बोटाला लागत नाही, अशी वेळ आली की मगच दोन्ही बाजू जुळवायच्या. नीट बघून जुळवा, कारण एकदा टेकलं की सरकवता येत नाही. मग दाब. काका लोखंडी ऐरणीवर हातोडीने ठोकतात. आपण सायकलची जुनी ट्यूब पट्टीसारखी कापून बुटाभोवती घट्ट गुंडाळायची. झकास क्लॅम्प होतो. खिडकी उघडी ठेवा, जवळ काडी ओढू नका. त्या द्रावकाची वाफ पेटते, आणि बंद खोलीत डोकं धरतं ते वेगळंच.

अंगठ्यापुढची कडा पाणी अडवण्यासाठी वरून बंद करायची असेल, तर पॉलियुरेथेनचा लवचिक गोंद ट्यूबमध्ये मिळतो. हवेतल्या ओलाव्यानेच तो हळूहळू रबरासारखा होतो. वरची साय लवकर धरते, त्यावर फसू नका. आतपर्यंत पक्का व्हायला पूर्ण एक दिवस, जाड थराला त्याहून जास्त. आणि जड वापराचा बूट असेल तर काकांकडून आरीने कडेची शिलाई मारून घ्या. गोंद पाणी अडवतो, दोरा सोल धरतो.

काय चिकटवू नये, हेही सांगतो. सॅकचा खांद्याचा पट्टा शिवायचा, चिकटवायचा नाही. रेनकोटला किंवा तंबूला बारीक भोक असेल तर ठिगळ चालतं. पण दोर किंवा हार्नेस, म्हणजे ज्यावर जीव टांगायचा ते काहीही, खराब झालं तर सरळ बाद. आणि काही बुटांचा सोल फेसासारख्या पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेत त्याचं आतून विघटन होत जातं, न वापरता खोक्यात जपून ठेवला तरीही. अंगठ्याने दाबून बघा. भुगा पडला तर कुठलाच गोंद उपयोगाचा नाही. चिकटवायला खाली काही उरलेलंच नसतं.

महिन्याने तो बूट काकांच्या देखरेखीखाली मीच दुरुस्त केला. शिलाईसुद्धा मीच मारली, वाकडीतिकडी. काकांनी दोन्ही हातांनी धरून सोल उपटायचा प्रयत्न केला. नाही निघाला. "आता दे कुणाला घालायला," म्हणाले. पैसे घेतले नाहीत.

प्लॅस्टर निघाल्याच्या रात्री मी पार्टनरला सांगून टाकलं, की तोरण्यावर मी ती कडा पाहिली होती. तो बराच वेळ मनगट फिरवत बसला. मग म्हणाला, "माहितीये मला. मीपण पाहिली होती. मला वाटलं, तू पाहिलीस आणि काही बोलला नाहीस, म्हणजे ठीकच असणार."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हे वाक्य मला अजून चिकटलेलं आहे, आणि त्यावर कुठलीच रापी चालत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही तोरणा-राजगड पुरा केला. तेच बूट, त्याच्याच पायात. देवळापाशी बसल्यावर मी त्याचे दोन्ही सोल हाताने ओढून पाहिले, सगळ्यांसमोर. पोरं हसली. हसू देत.

तेव्हापासून माझा एक नियम आहे, आणि त्याच्यावरून मी हॉस्टेलवर बऱ्याच शिव्या खाल्ल्यात. शुक्रवारी रात्री आणलेला बूट मी घेत नाही. मित्र असो, सीनिअर असो, सेक्रेटरी असो. मागच्या पावसाळ्यात खुद्द पार्टनर शुक्रवारी रात्री दहाला सुटलेला सोल घेऊन आला. सकाळी सहाची गाडी होती. म्हणाला, "यार, थोडं दाबून दे ना, एक दिवसाचा तर प्रश्न आहे." मी नाही म्हटलं. तो चिडला, बूट आपटला आणि ट्रेकला गेला नाही. शनिवारी दिवसभर आम्ही दोघं खोलीत बसून मॅगी खात होतो. बूट खिडकीत वाळत होता.

तर मंडळी, बूट गुरुवारपर्यंत आणा. धुऊन, वाळवून आणा. चोवीस तास लागतातच.