निनांवी बंदूक

घरांतील जुन्या वस्तूंविषयीं एक चमत्कारिक नियम दिसून येतो. ज्या वस्तूवर नांव, गांव आणि सन हीं कोरलेलीं असतात तिच्याविषयीं घरांत फारशा आख्यायिका नसतात. जिच्यावर कांहींच कोरलेलें नसतें तिच्याभोंवतीं मात्र आख्यायिकांचें रान माजतें. तांब्याच्या घंगाळावर "अमकीच्या लग्नांत मामांकडून" असें ठोक्यांच्या अक्षरांत लिहिलेलें असलें म्हणजे कल्पनेस तेथें शिरकाव मिळत नाहीं. कोरी वस्तु मात्र प्रत्येक पिढीला आपल्या मनांतील मजकूर वाचूं देते. ह्या मजकुराची किंमत काय, आणि तो पुसला गेला तर घराजवळ काय उरतें, ह्याचा विचार करण्याचा प्रसंग गेल्या वर्षीं मजवर आला. निमित्त झालें आमच्या कोंकणांतील घरच्या एका दुनळी बंदुकीचें.

ही बंदूक सत्तावन सालची, असें आमच्या घरांत आजवर सर्वजण सांगत आले. त्या धामधुमींत पराभव पावून दक्षिणेकडे आलेल्या एका शिपायानें ती आमच्या तरुण खापरपणजोबांच्या हवालीं केली. त्यांनीं ती भाताच्या कणगींत दडवली. आणि झडतीचे लोक दारांत आले तेव्हां खापरपणजी कणगीला टेकून मुलाला पाजीत बसल्या, म्हणून बंदूक आणि घर दोन्ही वांचलीं. माझे धाकटे काका, जे आज नव्वदीच्या घरांत आहेत, ही हकीगत दर गणपतींत सांगतात; आणि खरें सांगावयाचें तर आम्हां मुलांना आपल्या कुळाविषयीं जो कांहीं अभिमान वाटे त्याचा मोठा हिस्सा ह्या कणगींतून निघालेला होता.

गांवच्या शाळेला शंभर वर्षें पुरीं होत असल्यामुळें तिची स्मरणिका निघावयाची आहे. तिच्या मंडळानें "सत्तावनच्या संग्रामांतील बंदूक" ह्या मथळ्याखालीं छापण्यासाठीं छायाचित्र मागितलें. वडिलांच्या मागें बंदुकीचा परवाना वारसाहक्कानें माझ्या नांवावर झालेला असल्यामुळें उत्तर देणें मजकडे आलें. जें छापलें जाईल तें पुढें शाळेंतील मुलें इतिहास म्हणून वाचणार. तेव्हां त्यापूर्वीं खुद्द वस्तूची साक्ष घ्यावी, आणि गंजानें जाम झालेली ती बंदूक त्याच वेळीं नीटहि करून घ्यावी, असें मीं ठरविलें.

बंदूक दुरुस्त करणें हा घरगुती उद्योग नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें दुरुस्ती करणाराजवळहि परवाना असावा लागतो. म्हणून कोल्हापुरांतील एका परवानाधारक वृद्ध कारागिराकडे मी ती घेऊन गेलों. त्यांनीं प्रथम ती उघडून आंत काडतूस नाहीं हें स्वतः पाहिलें. मग दोन नळ्यांमधील पट्टी, दोन्ही बाजूंचे खटक्यांचे पत्रे, चापाखालचा कमानदार पट्टा, हीं सर्व भिंगाखालीं घातलीं. कोठेंहि अक्षर नव्हतें. मी निराश झालेला पाहून ते म्हणाले, "साहेब, वरतीं जें नांव असतें तें गिऱ्हाइकासाठीं. बंदुकीची खरी कुंडली बुडाशीं असते." एवढें बोलून त्यांनीं पुढचें लाकूड काढलें, कळ फिरविली, आणि नळ्या उतरवून उलट्या केल्या.

नळ्यांच्या मुळाशीं, जो सपाट भाग एरव्हीं झांकलेला असतो, तेथें खरोखरच बारीक ठसे होते. मुकुटाखालीं एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड, त्यांच्या बेचक्यांत बी, पी, सी हीं इंग्रजी अक्षरें. तसाच दुसरा ठसा व्ही ह्या अक्षराचा. एका चौकटीच्या आकाराच्या खुणेंत १२ चा आंकडा आणि त्याखालीं सी. आणि प्रत्येक नळीवर स्वतंत्रपणें १३. पहिले दोन ठसे बर्मिंगहॅम येथील प्रूफ हाऊसचे, म्हणजे परीक्षागृहाचे. १८१३ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें हें परीक्षागृह निघालें आणि आजहि तें आपलें काम करीत आहे. विक्रीपूर्वीं प्रत्येक नळींत नेहमींपेक्षां कितीतरी अधिक दारू व शिसें भरून बार उडवावयाचा. नळी फुटली अगर फुगली तर ती बाद. टिकली तरच तिच्यावर मुकुट उमटावयाचा, अशी तेथली रीत. राजदंडांचे हे ठसे १९०४ पर्यंत चालले, नंतर त्यांचें रूप बदललें.

आंकड्यांचा अर्थहि मनोरंजक आहे. "बारा बोराची बंदूक" हा शब्द आपण सर्रास वापरतों. पण ह्या बारांचा उगम फार थोड्यांस ठाऊक असतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास येतो तो बारा बोराचा व्यास: ०.७२९ इंच, म्हणजे सुमारें साडेअठरा मिलिमीटर. साहजिकच गोळ्या जितक्या अधिक तितकी नळी बारीक. चौकटींतील १२ हें काडतूस बसण्याच्या कोठीचें माप होय, आणि १३ हें नळीच्या पोटाचें. तें पोट बारा बोराच्या मापाहून किंचित् कमी भरलें म्हणून त्यावर तेराचा ठसा पडला. कोठीच्या मापाची ही चौकट १८८७ च्या नियमांनीं सुरू झाली. म्हणजे आमची बंदूक १८८७ च्या आधींची नाहीं, आणि १९०४ च्या नंतरची नाहीं. कुंडली मांडून झाली.

वस्तुतः ठशांची साक्ष नसती तरीहि बंदुकीच्या घडणीनें तेंच सांगितलें असतें. सत्तावन सालीं ज्या काडतुसांवरून भडका उडाला तीं कागदी होतीं. शिपायानें तीं दांतांनीं तोडावयाचीं, दारू नळीच्या तोंडांतून ओतावयाची आणि गजानें ठासावयाची. आमची बंदूक मागून मोडते, तिला पितळी बुडाचें काडतूस लागतें, आणि बार उडाल्यावर तिचे घोडे आपोआप थोडे मागें सरतात. ही मागें सरण्याची युक्ति इंग्लंडांत १८६७ नंतरच प्रचारांत आली. ह्याहूनहि एक बोंचक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें ह्या देशांत परवान्यावांचून बंदूक बाळगणें गुन्हा ठरला होता. तेव्हां ज्या बंदुकीस आम्ही बंडवाल्याची ठेव समजत होतों, ती उघडपणें बाळगावयाची तर प्रथम त्याच सरकारच्या कचेरींत अर्ज करणें भाग होतें!

मग हिच्यावर करणाराचें नांव कां नाहीं? ह्याचें उत्तर बर्मिंगहॅमच्या धंद्यांत आहे. स्टीलहाउस लेन, लव्हडे स्ट्रीट, प्राइस स्ट्रीट असल्या गल्ल्यांतून तेथील बंदूकवाल्यांचा मोहल्ला पसरलेला होता. नळी जोडणारा एक, ती आंतून कोरणारा दुसरा, कानशीनें घडविणारा तिसरा, खटके करणारा चौथा, कुंदा बसविणारा पांचवा, नक्षी काढणारा सहावा. प्रत्येकाचें दुकान वेगळें, आणि अर्धवट तयार झालेला माल ह्या दुकानांतून त्या दुकानांत फिरावयाचा. शेवटीं पट्टीवर जें नांव पडे तें पुष्कळदां विकणाऱ्या व्यापाऱ्याचें असे. नांव घालण्यास कोणी व्यापारी पुढें आला नाहीं तर माल तसाच कोरा जाई. १९६० च्या सुमारास नव्या हमरस्त्यांसाठीं त्या मोहल्ल्याचा मोठा भाग पाडला गेला. आमच्या बंदुकीला कर्ते अनेक आहेत. नांव लावण्याचा हक्क मात्र त्यांतील एकालाहि मिळाला नाहीं.

कारागिराच्या दुकानांत बसलेल्या एका गृहस्थांनीं मला सल्ला दिला कीं, पट्टी कोरीच आहे, तिच्यावर लंडनच्या एखाद्या नामांकित घराण्याचें नांव कोरून घ्यावें, म्हणजे किंमत दसपट होईल. कारागीर हंसून म्हणाले, "आणि बुडाशीं बर्मिंगहॅमचा राजदंड आहे, तो काय करणार?" तो सल्ला मला अर्थातच अनुचित वाटला. परंतु घरीं परततांना मनांत आलें कीं, स्मरणिकेच्या मथळ्याची मागणी ह्या सल्ल्याहून निराळी ती काय? तो गृहस्थ कोऱ्या पट्टीवर लंडन कोरूं पाहत होता; आम्ही सत्तावन कोरूं पाहत होतों.

दुरुस्तीस दोन महिने लागले. ह्या कामांत काय करावें ह्यापेक्षां काय करूं नये ह्याचेंच शास्त्र मोठें आहे, असें मला दिसून आलें. पॉलिशकागद कारागिरांनीं दूर ठेविला. त्यानें गंज जातो खरा, पण त्याबरोबर ठसेहि जातात आणि नळीची भिंत पातळ होते. पेच दिवसचे दिवस तेलांत भिजत ठेवून, प्रत्येकाच्या खांचेस बरोबर बसेल असें पेचकस घांसून घेऊन, मगच काढले. गंज तेलानें मऊ करून तांब्याच्या तुकड्यानें अलगद उचलला. तो जसजसा निघूं लागला तसतशा नळ्यांवर लाटांसारख्या रेषा दिसूं लागल्या. लोखंड व पोलाद ह्यांच्या पट्ट्या तापवून, पिळून, गजाभोंवतीं वेढे देऊन ठोकल्या म्हणजे ही नक्षी उठते. आपल्याकडील तरवारीच्या पात्यांवर जो जौहर असतो तो पोलादाच्या मुशींतच जन्मतो, हा पिळण्यांतून. पण डोळ्यांस दोन्ही सारखींच गोड. अक्रोडाच्या कुंद्यावरील पोंचे ओल्या फडक्यावर गरम इस्त्री टेंकून वाफेनें वर आणले आणि मग तळहातानें अळशीचें तेल जिरविलें.

नळ्या आंतून मात्र ठिकठिकाणीं खाल्लेल्या निघाल्या. शिवाय त्यांची परीक्षा झाली होती ती जुन्या काळ्या दारूची. हल्लींच्या बिनधुराच्या दारूचें काडतूस त्यांत घालणें म्हणजे स्वतःच्या हातावर उदार होणें. ह्या बंदुकीनें पुन्हां बार काढावयाचा नाहीं, हें तेथेंच ठरलें. परवाना मात्र चालू राहील, आणि ती कुलपांत राहील.

एका गोष्टीवर कारागिरांचा व माझा मतभेद झाला. कुंद्याच्या गळ्याशीं एक आडवी चीर होती व तिच्यावर तांब्याची पट्टी बारीक खिळ्यांनीं ठोकलेली होती. काम भक्कम पण ओबडधोबड. ती काढून आंतून, कोणास दिसणार नाहीं असा, जोड देण्यास कारागीर तयार होते. ही पट्टी कोणी ठोकली हें काकांस विचारून मग सांगतों, असें म्हणून मीं तें काम थांबविलें.

काकांस सर्व हकीगत सांगणें मला जड गेलें. ठसे त्यांना भिंगांतून दाखविले, सनांचा हिशेब सांगितला. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि मग विचारलें, "म्हणजे माझ्या आजोबांनीं मला खोटें सांगितलें म्हणतोस?"

"तसें नाहीं, काका," मी म्हणालों. "त्यांनाहि कोणीतरी तसेंच सांगितलें असेल. तुम्ही त्यांना पाहिलें आहे. मीं फक्त बंदूक पाहिली आहे."

बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मीं सहज पट्टीची चौकशी केली, तेव्हां ते एकदम म्हणाले, "ती होय? ती माझ्या देखत ठोकली. आजोबा रात्रीं माळ्यावर राखणीला बसत. भात पोटरींत आलें कीं रानडुकरें उतरत. एका रात्रीं चिखलांत बांधावरून पडले, कुंदा मोडला, आणि यांचा खांदाहि निखळला. दुसऱ्या दिवशीं तांबटाला घरीं बोलावून ही पट्टी मारून घेतली, नि त्याच रात्रीं दुसरा हात गळ्यांत बांधून पुन्हां माळ्यावर गेले. मी कंदील धरून बरोबर होतों."

"हें तुम्ही आम्हांला कधीं सांगितलें नाहीं."

"कसें सांगणार? सत्तावनची गोष्ट झाल्यावर डुकरांची गोष्ट कोण ऐकतो!"

ह्या उत्तरानें मी चकित झालों. खोट्या आख्यायिकेनें इतिहासाचा अपराध होतो हें मी जाणत होतों. परंतु ती घरांतील खऱ्या आठवणीचीहि जागा बळकावते, आणि जें एका जिवंत माणसानें डोळ्यांनीं पाहिलें तें बोलावयाची त्यालाच लाज वाटूं लागते, हें मला त्या दिवशीं कळलें. सत्तर-पंचाहत्तर वर्षें काकांनीं आपल्या आजोबांना उगीच दुसऱ्याचा पोषाख चढवून आमच्यापुढें उभें केलें होतें. बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहानें नळीला करणाराचें नांव विचारलें नाहीं. भार सोसतेस कीं नाहीं एवढेंच विचारलें आणि ठसा मारला. पणजोबांच्या बाबतींतहि ठसा होता; तो तांब्याचा होता, इतकेंच.

पट्टी जागच्या जागीं ठेविली आहे. स्मरणिकेसाठीं काकांनीं स्वतः मजकूर सांगितला आणि मीं तो उतरून घेतला: "दुनळी बंदूक, बारा बोर. बर्मिंगहॅम येथें १८८७ ते १९०४ ह्या दरम्यान घडलेली. करणाराचें नांव नाहीं. हिनें आमच्या भाताची राखण केली. गळ्यावरील पट्टी गांवच्या तांबटाची." माझ्या एका चुलतभावास हें मुळींच पसंत नाहीं, घराण्याची अब्रू मीं चार ओळींत घालविली असें तो म्हणतो, आणि गणपतींत तो मजशीं बोलला नाहीं. त्याच्या रागाची मला किंमत आहे, कारण कणगीची गोष्ट त्याला माझ्याहून अधिक प्रिय होती. परंतु ह्या वर्षीं आरतीनंतर मुलें भोंवतीं जमलीं तेव्हां काकांनीं कणगीची गोष्ट काढली नाहीं. त्यांनीं माळा, चिखल, कंदील ह्यांची गोष्ट सांगितली. आणि आजोबांच्या गळ्यांत हात कसा बांधला होता हें दाखविण्यासाठीं जवळचें उपरणें मागून घेतलें.