निरोपाला माणूस असायचा

गावात कुणी गेलं की पहिली धांदल असायची ती सांगावा धाडायची. सामान आणायला दोघं सुटायचे, आणि पाराजवळ उभ्या उभ्या पाव्हण्यांची वाटणी व्हायची. कडेगावच्या अंगाला सायकलवर हा जाईल, मायणी-वडूजकडं मिळेल त्या एसटीनं तो जाईल, सांगलीच्या लेकीला आणायला मात्र जाणतं माणूस पाहिजे. तो माणूस दारात आला की त्याच्या उभं राहण्यावरूनच घरातल्या बायकांना कळायचं. चप्पल काढायची नाही, सोप्यात टेकायचं नाही, चहाला थांबायचं नाही. "मातीला चला," एवढंच. मग प्रश्न सुरू व्हायचे. कशानं गेले, किती वाजता, थोरला आलाय का, म्हातारी सावरलीय का. त्याला सगळ्याची उत्तरं देता यायची, कारण सकाळपासून तो तिथंच होता.

लांबच्यांना कार्ड जायचं, एक कोपरा फाडलेलं. ते हातात घेताना पोस्टमनही काही बोलायचा नाही. वाचून झालं की ते घरात ठेवत नसत, तिथंच फाडून टाकत. शुभकार्याच्या पत्राला मात्र हळदीकुंकवाची बोटं लागलेली असायची आणि ते तारेत खोचून वर्षानुवर्षं टिकायचं.

आता मोबाईलच्या ग्रुपवर गेलेल्याचा फोटो येतो, खाली अंत्यविधीची वेळ, त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली. मधेच कुणाला तरी आठवतं की आज अमक्याचा वाढदिवस आहे. तो केक टाकतो, आणि पुढची सगळी मंडळी केकाच्या मागं लागतात. एखादा घाईगडबडीतला गडी वाढदिवसवाल्यालाच श्रद्धांजली वाहून मोकळा होतो. यावर आम्ही हसतो खरे, पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पूर्वी दिल्लीचा भाऊ दहाव्याला पोचायचा, तोंड बघायला मिळायचं नाही. आता रात्री मेसेज गेला तर सकाळचं विमान धरून तो दुपारी माणसात येतो. स्मशानात पूर्वीपेक्षा गर्दीही जास्त असते. कमी झालीय ती तिसऱ्या दिवशी सावडायला येणारी, आणि पंधरा दिवसांनी सहज म्हणून घरी डोकावणारी माणसं. त्यांनी श्रद्धांजली वाहिलेली असते, स्टेटसही ठेवलेलं असतं. मग जायचं राहिलं असं त्यांना वाटतच नाही.

सांगली-साताऱ्याकडचा हा आमचा भाग दिल्लीशी, मद्रासशी, कोलकात्याशी जोडलेला आहे ही गोष्ट बाहेरच्यांना नवलाची वाटते. खानापूर, आटपाडी, खटाव, माण हे सारे दुष्काळी तालुके. इथली माणसं दोन-तीन पिढ्यांपूर्वी गलाईच्या धंद्यात शिरली, म्हणजे सराफ बाजारात बसून सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. केरळपासून उत्तरेपर्यंत देशातल्या कितीतरी सराफ पेठांत विट्याच्या आसपासचं कुणीतरी भट्टी पेटवून बसलेलं असतं. माझे एक चुलते मद्रासला होते. तिथून गावाकडं निघालेला माणूस म्हणजे चालतं-बोलतं पोस्ट ऑफिस. प्रत्येकानं त्याच्याकडं पाकीट दिलेलं, कुणी लुगडं, कुणी औषध, आणि तोंडी निरोप तर ढीगभर. गावात उतरला की तो आधी स्वतःच्या घरी जायचा नाही. घरोघर फिरायचा, प्रत्येक ठिकाणी चहा घ्यायचा, "तब्येत बरी हाय, जरा वाळलाय, खानावळीचं खातोय" असं सांगायचा. या वाळलाय शब्दावर आमची काकी डोळ्याला पदर लावायची. परत निघताना त्याच्या ट्रंकेवर शेंगांची चटणी, कुरड्या, बाजरीचं पीठ यांची गाठोडी चढायची. ओझं वाहून बिचारा मेटाकुटीला यायचा, पण नाही म्हणायची सोय नव्हती. पुढच्या खेपेला त्याचं गाठोडं दुसऱ्यानं आणायचं असायचं.

आज पैसे बोटाच्या टोकावर येतात. खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा परमुलखातल्या दुकानात बसून बघता येते, पालखी हलली की गुलाल इथं उडतो आणि "नाथबाबाच्या नावानं चांगभलं" तिकडं ग्रुपवर उमटतं. देवळापुढं उभी असलेली तरणी पोरं हात जोडण्याऐवजी मोबाईल उंच धरतात म्हणून म्हातारे चिडतात. ती पोरं तेव्हा कोचीनच्या चुलत्याला पालखी दाखवत असतात, हे म्हाताऱ्यांना कुणी सांगत नाही. लांब गेलेला माणूस वाळलाय की सुटलाय हेही आता घरच्या बायकांना रोज दिसतं. त्यांचं रडणं वाचलं.

जुन्या दिवसांबद्दल लिहिताना आम्ही पुरुष मंडळी पार, चावडी, दूध डेअरीचा कट्टा, सलूनचं बाकडं यांत रमतो. त्या पारावर एकही बाई बसलेली नसायची हे सोयीस्करपणे विसरतो. पाराच्या कडेनं जाताना तिला पदर सावरून, मान खाली घालून भरभर निघावं लागायचं. काहींच्या वाट्याला तर पाराची सावलीही नव्हती, गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसानं चार हात लांब उभं राहूनच बोलायचं. सुनेचा माहेरचा निरोप सासूच्या कानावरून जायचा. सून पत्र शाळकरी पोराकडून लिहून घ्यायची, आलेलं त्याच्याकडूनच वाचून घ्यायची, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीला मजकूर पाठ झालेला असायचा. म्हणून "मी खुशाल आहे" यापलीकडं त्या पत्रात काही नसायचं. बांगड्या भरणारा कासार हा त्यातल्या त्यात भरवशाचा; हात धरून बांगडी चढवता चढवता तो हळूच काहीतरी ऐकून घ्यायचा आणि पुढच्या गावात पोचवायचा. आज तीच सून शेळ्यांच्या गोठ्यात मोबाईल टेकवून आईशी तासभर बोलते. काय बोलते ते कुणाला कळत नाही. माझ्या मते गेल्या पंधरा-वीस वर्षांत आमच्या गावात घडलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि आमच्या स्मरणरंजनात तिला जागा नाही.

शाळेच्या ग्रुपचंही तसंच. आमच्या वर्गात मुली खिडकीकडच्या रांगेत बसायच्या. पाच वर्षांत त्यांच्याशी पाच वाक्यं बोललो नसू. दहावी झाली, लग्नं झाली, आडनावं बदलली, त्या नकाशावरून पुसल्याच गेल्या. फेसबुक आलं तेव्हा मुलगे महिन्याभरात सापडले, मुली शोधायला दोन वर्षं लागली. एकीचा पत्ता तिच्या भावाच्या मेव्हण्याकडून लागला. मग रीतसर स्नेहमेळावा झाला, गुरुजींना शाल-श्रीफळ, फेटे, पुरणपोळी. पन्नाशीकडं झुकलेल्या त्या बायका तिथं इतक्या मोकळ्या बोलल्या की आम्हालाच लाजायला झालं. हल्ली तो ग्रुप रोज सकाळी फुलांची चित्रं आणि रात्री राजकारण यांवर चालतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत फुटून त्याचे दोन झाले, एकजण रागानं "लेफ्ट" झाला आणि समोरासमोर भेटल्यावरही बोलत नाही. पूर्वी भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी गिरणीत दळणाच्या रांगेत एकमेकांमागं उभं राहावं लागायचं. किती वेळ गप्प बसणार?

या मुलखाला निरोपाचा मोठा इतिहास आहे. १९४३ पासून इथं इंग्रजांविरुद्ध प्रतिसरकार चाललं. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता, बहुतेक साताराच. क्रांतिसिंह नाना पाटील वर्षानुवर्षं भूमिगत राहिले आणि इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. कुंडलच्या बाजूला जी. डी. बापू लाड, वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडी. एवढा कारभार चालायचा तो तोंडी सांगाव्यावर. आज रात्री कुठल्या वस्तीवर मुक्काम, भाकरी कुणाच्या घरून जाणार, फौजदार कुठल्या गावात आलाय, सगळं माणसाकरवी. निरोप आणणारा ओळखीचा असेल तर विश्वास, नसेल तर दार उघडायचं नाही. "तुला कुणी सांगितलं?" हा पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर देता आलं पाहिजे.

याच मुलखात, आजच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना जमावानं बेदम मारलं. ते देवदर्शन करत पंढरपूरला निघाले होते, वाट विचारायला एका पोरापाशी थांबले. पोरं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवांचं तेव्हा पेव फुटलेलं. पुढच्याच वर्षी, १० सप्टेंबरच्या रात्री, खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत आक्षेपार्ह पोस्टवरून दंगल उसळली, एका तरुणाचा जीव गेला, आणि सातारा जिल्ह्याचं इंटरनेट बंद करावं लागलं. पुसेसावळी म्हणजे काही दूरचं गाव नव्हे, आमच्या लग्नकार्यातली माणसं तिथली आहेत. दोन्ही ठिकाणी "तुला कुणी सांगितलं?" हे विचारायला समोर कुणी नव्हतं. ग्रुपवर आलं, एवढंच. ग्रुपवर कुठून आलं? दुसऱ्या ग्रुपवरून.

पण अफवा पूर्वी नव्हत्या असं म्हणणारा माणूस सांगलीच्या पुरात राहिलेला नसावा. कृष्णा चढायला लागली की १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलावर माणसांची रांग लागते. पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका. २००५ च्या पुरात पाणी त्रेपन्न फुटांपुढं गेलं तेव्हा आकडा कळायचा तो पुलावरून परतलेल्या माणसाकडून, आणि गावभागात पोचेपर्यंत तो दोन फुटांनी वाढलेला असायचा. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. तेव्हा पातळी तासातासाला मोबाईलवर होती, कोयनेतून किती सोडलं तेही होतं. गच्चीवर अडकलेल्यांनी ठिकाण पाठवलं आणि कितीतरी जण त्यामुळं निघाले. साताऱ्याकडच्या गावांत एक मेसेज गेला की घरोघरच्या भाकऱ्या जमून टेम्पो भरायचा. त्याच मोबाईलवर सुटका झालेल्यांसाठीही "बोट पाठवा" हा निरोप दोन-दोन दिवस फिरत राहिला, आणि ज्या गावाचा व्हिडिओ गाजला तिथं मदतीचे ट्रक एकामागं एक लागले. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला त्याच आठवड्यात गावची बोट उलटली आणि माणसं गेली. तिथं मात्र मेसेजचा काही इलाज नव्हता. आकडा हातात असूनही लोक आयर्विनवर जातच होते. पाणी डोळ्यांनी बघितल्याशिवाय घर सोडायला मन तयार होत नसावं.

साताऱ्यात राजवाड्यासमोरची संध्याकाळ अजून गजबजलेली असते, फरक इतकाच की पोरं शेजारी बसून वेगवेगळ्या ठिकाणी असतात. कास पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं आणि त्याच सुमारास प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आला. जिथं आम्ही फुलं बघायला डबा घेऊन जायचो तिथं आता रांगेत उभं राहून फोटो काढतात.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं मोबाईलच्या या वेडावर एक उपाय काढला, त्याची पार परदेशातल्या माध्यमांनी दखल घेतली. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथं संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. टीव्ही बंद, मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, नाहीतर एकमेकांशी बोलायचं. साडेआठला परत भोंगा, मग मुभा. करोनात शाळा मोबाईलमध्ये शिरली ती बाहेर निघेना, म्हणून तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली. आधी पुरुषांनी ती हसण्यावारी नेली. बायकांनी मात्र मालिकांचं वेड आपल्यालाही आहे हे कबूल करून उचलून धरली. मला त्या भोंग्यापेक्षा त्याच्यामागची यातायात महत्त्वाची वाटते. पहिल्या दिवसांत नुसता भोंगा ऐकून कुणी काही बंद केलं नाही. आशा ताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक असे घरोघर फिरले, दारात उभे राहिले, "बंद केला का?" म्हणून विचारलं. ग्रुपवर मेसेज टाकून हे झालं नसतं. मेसेजला "ओके" म्हणून अंगठा दाखवता येतो; दारात उभ्या असलेल्या जुन्या गुरुजींना अंगठा कोण दाखवणार?

ही सगळी हकिकत मी काकीला मोठ्या कौतुकानं सांगितली. मद्रासच्या चुलत्याची बायको, आता ऐंशीच्या पुढं, स्वतःचा मोबाईल आहे, भजनाचा ग्रुप आहे. तिनं शेंगा निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढा भोंगा कशाला इकत घ्यायचा? आमच्या टायमाला सातला लाईटच जायची."