पांढरी तीन

आमच्या घरी पियानो आहे हे कळल्यावर पाहुण्यांच्या चेहऱ्यावर दोन भाव एकामागून एक उमटतात. पहिला आदराचा, दुसरा संशयाचा. नेरूळच्या सिडको वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर, जिथे दिवाण आणि कपाट यांचेच एकमेकांशी पटत नाही अशा खोलीत हा गृहस्थ पियानो ठेवतो, म्हणजे हा मोठा वादक तरी असावा किंवा ते वाद्य सासुरवाडीने याच्या गळ्यात बांधले असावे. पहिले खरे नाही. दुसरे जवळजवळ खरे आहे.

माझी पत्नी गिरगावातली. तिच्या चाळीच्या पलीकडे एक गोवेकर बाई पियानो शिकवीत. दहा वर्षांची असल्यापासून ही त्यांच्याकडे जाई. हार्बरची गाडी खाडी ओलांडून १९९२ साली वाशीला आली आणि पुढच्याच वर्षी आम्हीही बिऱ्हाड घेऊन खाडी ओलांडली. त्याच सुमारास त्या बाई म्हातारपणामुळे गोव्याला भावाकडे जायला निघाल्या. पियानो कुठे न्यायचा? त्यांनी तो आपल्या आवडत्या विद्यार्थिनीला देऊन टाकला. टेम्पो पुलावरून आला. सहा हमालांनी तो उभा पियानो जिन्यावरून चढवला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांच्यातला वडीलधारा घाम पुसत म्हणाला,

"साहेब, हाय तरी काय ह्यात?"

"पेटीच आहे, जरा मोठी," मी म्हणालो.

त्याने पियानोभोवती एक नजर फिरवली आणि विचारले, "मग भाता कुठं हाय?"

त्या वेळी मी हसलो. पुढे तोच प्रश्न माझ्यावर उलटला.

त्याचे असे झाले की, मी पेटीवाल्याचा मुलगा. वडील सावंतवाडीकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. संध्याकाळी कंदील लावून झाला की ते ओटीवर पेटी घेऊन बसत आणि नाटकातली पदे वाजवत. गात नसत, नुसते वाजवत. 'मानापमान' रंगभूमीवर आले १९११ साली. त्याच्या चाली बांधल्या गोविंदराव टेंब्यांनी, आणि ते स्वतःच नामांकित पेटीवादक. वडिलांनी मात्र ते नाटक जन्मात एकदाच पाहिले, तेही कुण्या फिरत्या मंडळीचे, जत्रेच्या निमित्ताने. पण आमच्या ओटीवर ते शेकडो वेळा झाले. ना पडदा, ना शालू, ना सारंगी, ना तबला. मास्तरांची दहा बोटे. त्यातलीही पाच भाता हलवण्यात गुंतलेली.

एकदा गावात एक गवई उतरले होते. त्यांनी वडिलांचे वादन ऐकले आणि जाताना म्हणाले, "मास्तर, हात गोड आहे तुमचा. पण पेटीत मींड नाही." त्यांचे म्हणणे बरोबर होते. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. मधली सगळी वाट तो चालतो. पेटीला वाट नाही, नुसत्या पायऱ्या आहेत. हे वाद्यही मुळात परके. फ्रान्समध्ये देबाँ नावाच्या कारागिराने १८४२ साली त्याचे पेटंट घेतले. आपल्या सुरांशी त्याचे जमत नाही म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने त्याला दाराबाहेर काढले, आणि ते दार पुन्हा किलकिले व्हायला तीस वर्षे लागली.

गवई गेल्यावर मी वडिलांना विचारले, "भाऊ, पेटीत खरेच मींड नाही?"

"नाही," ते म्हणाले. "ती ऐकणाऱ्याने घ्यायची असते."

मला वाटले, भाऊंनी आपली हार झाकली. पुढे शिकायला मुंबईत आलो आणि एका नाट्यगृहात 'मानापमान' पाहिले. नट उत्तम गात होता. ज्या जागा पेटीवर कधीच आल्या नव्हत्या त्या तो सहज घेत होता. मला आनंद झाला, पण नवल काही वाटले नाही. त्या साऱ्या जागा मला ओळखीच्या होत्या. लहानपणापासून त्या मीच तर घेत आलो होतो!

तर पियानो घरी आला आणि पत्नीने एके दिवशी सांगितले, "अहो, नुसते ऐकत काय बसता? माझ्या शेजारी बसा. चार हातांचे वाजवू."

चार हातांचा पियानो ही काय भानगड आहे ते थोडे सांगायला हवे. वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना म्हणजे सिम्फनी. ती वाजवायला पन्नास-साठ माणसे लागतात. आज कळ दाबली की ती घरात ऐकू येते. पण ध्वनिमुद्रण निघण्यापूर्वी, युरोपातल्या एखाद्या लहान गावातल्या माणसाने बीथोव्हेन ऐकायचा कसा? त्याच्या गावी वाद्यवृंद कुठला? म्हणून या रचना पियानोवर उतरवून छापल्या जात. बीथोव्हेनची सातवी सिम्फनी व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली ती १८१३ च्या डिसेंबरात, जखमी सैनिकांच्या मदतीसाठी केलेल्या जलशात. आणि तिचा दुसरा भाग लोकांना इतका आवडला की तो पुन्हा वाजवावा लागला. १८१६ साली ती छापली गेली तेव्हा प्रकाशकाने तिच्या पियानोच्या आवृत्त्याही बरोबरच बाजारात आणल्या. ब्राह्म्सने तर आपल्या सिम्फन्या स्वतःच चार हातांसाठी उतरवल्या. घरातली दोन माणसे एका बाकावर बसत, एकाने वरची बाजू धरायची, दुसऱ्याने खालची. कितीतरी घरांनी सिम्फनी पहिल्यांदा ऐकली ती अशी, आपल्याच बोटांतून. ती घरे आणि आमची सावंतवाडीकडची ओटी यांत मला फारसा फरक दिसत नाही.

याहून मोठा पराक्रम लिस्टचा. बीथोव्हेनच्या नऊच्या नऊ सिम्फन्या त्याने एकाच वादकाच्या दोन हातांत बसवल्या आणि १८६५ साली त्या सगळ्या मिळून प्रसिद्ध झाल्या. त्याच्या पानांवर जागोजागी मूळ वाद्यांची नावे लिहिलेली असतात: इथे बासरी, इथे शिंग. पियानोतून बासरीचा आवाज निघणार नाही, हे का लिस्टला ठाऊक नव्हते? पण वाजवणाऱ्याने ती मनात ऐकावी, म्हणजे बोट आपोआप तसे पडेल, हा त्याचा हिशेब. ते वाचले तेव्हा मला भाऊंची आठवण झाली. लिस्टला पियानोविषयी जे ठाऊक होते ते आमच्या मास्तरांना पेटीविषयी ठाऊक होते.

पण लिस्टच्या पानांकडे आम्ही दुरूनच नमस्कार करून परतलो. आमची वही साधी, चार हातांची. पत्नी वरच्या बाजूला, मी खालच्या. आणि इथेच त्या हमालाचा प्रश्न माझ्या अंगाशी आला. पेटीवाल्याचा उजवा हात पट्टीवर धावतो. डाव्याला जन्मभर एकच काम, भाता हलवायचे. पियानोवर बसलो की माझा उजवा हात बरा चाले, आणि डावा नसलेला भाता शोधत राही. चाळिशी उलटलेल्या त्या हाताला पत्नीने बालवर्गात घातले. माझे मनगट धरून ती म्हणे, "हा हात वारा घालायला नाही. पाया आहे हा. हा डळमळला की माझा सगळा इमला खाली." मी चुकलो की तिचा एकच शब्द ठरलेला, "परत." ती गोवेकर बाईंची देणगी असावी.

सातवी सिम्फनी आम्ही चार वर्षे वाजवत होतो. मूळ रचनेत बाराजण फुंकणारे, एक नगारेवाला आणि बाकी सारा तारवाद्यांचा ताफा. आमच्याकडे चार हात. त्यात पियानोचा एक दोष असा की, हातोडी तारेवर पडली रे पडली की सूर मावळू लागतो. व्हायोलिनचा गज सूर लांबवतो, फुलवतो. पियानोला ते साधत नाही. शिवाय नेरूळचा पावसाळा. दमट हवेत पट्ट्या फुगून अडकतात. म्हणून जूनपासून आम्ही पियानोच्या पोटात एक लहान दिवा लावून ठेवतो. शेजाऱ्यांना वाटते, देवच बसवले आहेत आत.

एन.सी.पी.ए. मध्ये २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, आणि पुढे एकदा आम्ही हार्बरच्या गाडीने थेट नरिमन पॉइंट गाठले. बीथोव्हेनच होता. दिवे मंदावले, गज उठले, आणि आमच्या खोलीत जे सूर पडल्यापडल्या विझत ते इथे वाढत, पसरत, अंगावर येऊ लागले. माझ्या मनगटावर काहीतरी हुळहुळले. पाहतो तो पत्नीची बोटे तिची बाजू वाजवीत होती. परतताना गाडीत ती बराच वेळ गप्प होती. खाडीचा पूल आला तेव्हा म्हणाली, "छान वाजवतात. पण मला सारखे आपलेच ऐकू येत होते हो."

दोन वर्षांपूर्वी एका पहाटे तिला अर्धांगाचा झटका आला. वाचा राहिली, पाय महिन्याभरात सावरला. उजवा हात मात्र परत आला नाही. तो मांडीवर असतो, झोपलेल्या मुलासारखा. मी पियानोवर चादर टाकली. आतला दिवाही त्या पावसाळ्यात लावला नाही. तिला दिसू नये म्हणून चादर टाकली असे मी सांगत असे. खरे म्हणजे मला पाहवत नव्हते.

चादर काढली तिनेच, डाव्या हाताने. म्हणाली, "पट्ट्या फुगल्यात. दिवा का नाही लावला?" मी काहीतरी पुटपुटलो. "तुमचे दोन आणि माझा एक," ती म्हणाली. "तीन होतात. सातवीचा दुसरा भाग काढा."

निवड हुशारीने केली होती. त्या भागाची चाल सुरू होते एकाच सुरावर. आमच्या पेटीच्या भाषेत पांढरी तीन. लांब, आखूड आखूड, लांब लांब. एवढेच. संथ पावलांनी कुणी चालत जावे तशी ती आधी खालच्या तारवाद्यांत उमटते, म्हणजे आमच्या वहीत माझ्या बाजूला. मग तीच चाल वर जाते आणि तिच्याखाली दुसरी एक लांबट, दुखरी चाल येऊन मिळते. असे थरावर थर चढत चौथ्या खेपेला सगळा वाद्यवृंद एकदम उभा राहतो. तिथपर्यंत तीन हात पुरले. तिथे मात्र एक हात कमी पडू लागला.

आठ दिवस मी वहीत खाडाखोड करत होतो. पाया सोडता येईना. दुसरी चाल सोडली तर काळजातलेच काढल्यासारखे होई. शेवटी मी पेन्सिल ठेवली. म्हणालो, "नाही जमत. काहीतरी मोडतेच आहे."

"मूळ चाल सोडा," ती म्हणाली.

"अगं, तीच तर मुख्य!"

"म्हणूनच. तीनदा ऐकवली ना आपण? बसली लोकांच्या कानात. चौथ्यांदा त्यांची ते ऐकतील. आपण दुसरी धरू."

भाऊंना तिने फार थोडे पाहिले होते. मींडीची गोष्ट मी तिला कधी सांगितल्याचे मला आठवत नाही.

गेल्या दिवाळीत पुण्याहून मुलगा आणि सून आली, नऊ वर्षांची नात आली. पाडव्याच्या संध्याकाळी फराळाची ताटे उचलल्यावर आम्ही दोघे बाकावर बसलो. माझ्या डाव्या हाताने पाया धरला. ज्याने हा हात शिकवला, तो हात शेजारी मांडीवर निजला होता. त्याचा भाऊ मात्र पट्टीवर तयार होता. नात पाने उलटायला उभी राहिली. एकदा चाल झाली, दुसऱ्यांदा झाली, तिसऱ्यांदा झाली. बाहेर कुणीतरी लवंगी माळ लावली आणि ती संपली. चौथ्या खेपेला आम्ही ठरल्याप्रमाणे मूळ चाल सोडली आणि दुसरी धरली.

आणि वर, रिकाम्या जागी, एक सूर वाजला. पांढरी तीन. लांब, आखूड आखूड. मी दचकून पाहिले. नातीने एक हात पानावर ठेवून दुसऱ्या हाताचे बोट पट्टीवर टेकवले होते. तिला पियानो येत नाही. पण तीनदा ऐकले होते, आणि चौथ्यांदा ते राहिले असे तिला वाटले असावे.

आम्ही दोघेही थांबलो. नातीने घाबरून बोट मागे घेतले. खोलीत कुणी काही बोलेना. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी वहीत पाहत राहिलो.

पत्नीने तिच्याकडे वळून पाहिले. चेहरा कडक, थेट गोवेकर बाईंचा.

"उशीर झाला तुला," ती म्हणाली. "परत."