टाकीखालची टाकी

मालेगाव म्हटले की लोकांना नाशिक जिल्ह्यातले, यंत्रमागांचे मालेगाव आठवते. आमचे मालेगाव वाशीम जिल्ह्यातले, अकोला-वाशीम रस्त्यावरचे. समुद्र इथून चारशे किलोमीटरहून दूर. उन्हाळ्यात आमच्या घरी पाणी हंडे मोजून वापरले जाते. अशा घरात खाऱ्या पाण्याची फिश टँक करायची, हे आम्हा दोघांनाही वेडेपणाचेच वाटत होते. पण मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखालचे प्रवाळ पाहून आल्यापासून लेकीने ध्यास घेतला होता. दहावी झाली की टाकी, असा शब्द आम्ही देऊन बसलो होतो.

चौकशीला निघालो तेव्हा एका विक्रेत्याने जिवंत प्रवाळ गुपचूप मिळवून देण्याची तयारी दाखवली. लेकीने आधीच वाचून ठेवले होते : खडक बांधणारे प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघही त्याच अनुसूचीत आहे. ती म्हणाली, "चोरीचा समुद्र घरात नको, अब्बू." मग प्रवाळाऐवजी सिरॅमिकचे दगड आणि हॅचरीत वाढवलेल्या क्लाउनफिशची एक जोडी, एवढेच ठरले.

खाऱ्या पाण्याच्या टाकीखाली आणखी एक टाकी लागते. तिला सम्प म्हणतात. दादींनी हा शब्द ऐकला आणि विचारले, "संप? आता कोणाचा संप?" आम्ही हसलो, पण समजावून सांगितले. वरच्या टाकीतले पाणी काठावरून पाइपने खाली येते. आधी स्पंजमध्ये गाळ अडकतो. मग स्किमरमधले बारीक बुडबुडे विरघळलेली घाण फेसाबरोबर बाहेर काढतात. पुढच्या कप्प्यात सच्छिद्र दगड असतात. त्यांच्यावर वाढणारे जिवाणू माशांच्या विष्ठेतून होणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. शेवटच्या कप्प्यातला पंप पाणी पुन्हा वर चढवतो.

वरची टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे सुमारे १९० लिटरची. खालची अडीच फूट लांब, एक फूट रुंद. काचा गावातच कापून घेतल्या आणि बाप-लेकीने सिलिकॉनने जोडल्या. दोन दिवस घरभर व्हिनेगरसारखा वास होता. आठवडाभर वाळू दिल्यावर साधे पाणी भरून पंप सुरू केला. मासे अजून आणायचे होते.

त्याच पहाटे लाईट गेली. फजरसाठी उठलेल्या दादींचे पाय ओले झाले. त्यांनी हाक मारली, "अरे उठो, समुंदर पलंग के नीचे आ गया!"

चूक आमचीच होती. पंप थांबला की पाणी वर चढवणाऱ्या पाइपमधूनच ते उलटे खाली येते आणि पाइपचे तोंड उघडे पडेपर्यंत येतच राहते. तोंड दोन इंच बुडालेले होते. एवढ्या टाकीत दोन इंच म्हणजे २१ लिटर, आणि तेवढ्याने सम्पची पातळी साडेतीन इंच चढते. आम्ही जागा सोडली होती एक इंच! रिकामी जागा फुकट जाते, असे वाटून सम्प काठोकाठ भरला होता.

मग त्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक छोटे भोक पाडले. पाणी थोडे उतरले की तिथून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. भोक कधी बुजू शकते, म्हणून सम्पवर एक लाल रेघही मारली. यापुढे त्या रेघेवर पाणी नाही. नंतर मुद्दाम तीनदा स्विच बंद करून पाहिले. फरशी कोरडी राहिली.

दादींचा प्रश्न मात्र उरला होता. "वुजू करताना नळ मिटवायला मुलांना तुम्हीच शिकवता. मग हे पाणी?" उत्तर हिशेबानेच द्यावे लागले. या माशांना २५ ते २७ अंशांचे पाणी लागते आणि आमचा उन्हाळा ४२ च्या पुढे जातो. म्हणून टाकी कूलरच्या खोलीत ठेवली आणि सम्पवर छोटा पंखा लावला. माठासारखेच, बाष्प उडाल्याने पाणी गार होते. त्यात रोज तीन-चार लिटर उडते. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती आरओच्या साध्या पाण्याची. आरओने टाकून दिलेले पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरतो. कूलर दिवसभरात याच्या कितीतरी पट पाणी पितो, हे दादींनी स्वतः बादल्या मोजून पाहिले. तेव्हा कुठे मासे घरात आले.

आता असरनंतर भर घालायचे काम दादींकडेच आहे. रेघेवर एक थेंब चढू देत नाहीत.

तुमच्याकडे मूल अशी टाकी मागत असेल, तर मासे आणण्याआधी एकदा लाईट बंद करून बघा. जीव सांभाळायला घ्यायचे, तर अडचणीच्या वेळेसाठी थोडी जागा रिकामी ठेवावी लागते.