पुसायचं काम

युटीएम म्हंजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबात ते साठ टनी धूड उभं आहे, आणि त्याची देखभाल माझ्याकडं. लोखंडी सळई वरच्या नि खालच्या जबड्यात धरायची, तेलाच्या दाबानं ताणायची, तुटेस्तोवर. तुटताना असा दणका बसतो की पायाखालची फरशी हादरते. म्हणून पायाचे बोल्ट मधूनमधून आवळून बघावे लागतात.

रिपोर्टावर सही इंजिनिअरची. मशीन पुसणारा हेल्पर. मेंटेनन्स म्हंजे पुसणं अशी ऑफिसातली समजूत, आणि पुसायचं काम कुणाच्या वाट्याला येतं हे, दोस्तहो, मी तुम्हाला काय सांगू? मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणखात्यात घेत नसत, कारण तिथं धागा तोंडानं ओढावा लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी तो सवाल मांडला. इथं उलटी तऱ्हा. मशीनला हात आम्हीच लावायचा, फक्त कागदाला नाय.

पण हे पुसणं काय असतं ते ऐका. सळईवरचे पोपडे जबड्याच्या दातांत भरतात, खाचेत उतरतात. रोज संध्याकाळी जबडे काढून ब्रशनं झाडायचे. जबड्याच्या पाठीला ग्रीस, दातांना थेंबभरही नाही. दातांना लागलं की सळई सटकते. जबडे तिरके बसले तर सळई मधे न तुटता जबड्याच्या तोंडाशी तुटते, आणि टेस्ट बाद होते.

त्याहून वंगाळ गोष्ट तेलाची. आमचं मशीन जुन्या धाटणीचं, तेलाच्या दाबावरून भार मोजणारं. तेलात घाण गेली, पिस्टन सिलिंडरात घासू लागला, की थोडा दाब त्या घासण्यातच खर्ची पडतो. काटा मात्र सगळाच दाब दाखवतो. म्हंजे सळईवर भार कमी, काट्यावर जास्त. मळकं मशीन खोटं बोलतं, आणि ठेकेदाराच्या बाजूनं बोलतं! बारा मिलिमीटरची एफई ५०० सळई पावणेसहा टनांच्या आत नमता कामा नये. साडेपाचाला नमणारी सळई अशा मशीनवर खुशाल पास होऊ शकते.

२०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरात पंधरवड्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. माणसं पक्क्या घरात मेली. ते मशीनमुळं झालं असं मी म्हणत नाय. पण सळई आपल्या लॅबातून कुणाच्या डोक्यावर जाते, हे ब्रश हातात असताना मला आठवतं.

वर्षातून एकदा कॅलिब्रेशन होतं. प्रूव्हिंग रिंग लावून काटा तपासतात. एक टक्क्यापलीकडं चूक चालत नाही. मधल्या महिन्यांत भरवसा फक्त पुसणाऱ्याचा. एकदा तेल काळं पडलेलं. सायेब म्हणाले, "चालतंय ना? मग चालू दे." मी रजिस्टरात लिहिलं : तेल काळं, बदललेलं नाही. तारीख टाकली, खाली सही केली.

"हेल्परनं सही करायची नसते," सायेब म्हणाले.

"मग खोडा तुम्ही, आणि खोडल्याची सही करा."

खोडलं नाही. तिसऱ्या दिवशी तेलाचा डबा आला. फिल्टर धुतला, टाकी आतून पुसली, तेव्हा तळाला बोटभर गाळ निघाला.

आता हाताखाली बदलापूरचा एक पोरगा आलाय. त्याला आधी रजिस्टर दाखवलं, मग ब्रश.